पकडले गेले, मग उपयोग काय?

आमच्या जयलक्ष्मीपुरममध्ये युद्धकैद्यांचा विषय निघाला की कोणीतरी शेजारच्या कूर्गच्या फील्ड मार्शल करिअप्पांची गोष्ट सांगतोच. १९६५ च्या युद्धात त्यांचा वैमानिक मुलगा पाकिस्तानच्या हाती लागला. त्याला सोडण्याची तयारी अयुब खानांनी दाखवली, पण करिअप्पांनी एकट्या मुलासाठी सवलत घेतली नाही. गोष्ट इथे संपते. मुलाने कैदेतले चार महिने कसे काढले, हे कोणी विचारत नाही.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकरांच्या बाबतीतही असेच होते. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई विमान पाडले गेले आणि ते रावळपिंडीच्या छावणीत कैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह ते भिंत फोडून वादळी रात्री निसटले. बसने पेशावर, तिथून पुढे लंडी कोतल. अफगाण सरहद्द जेमतेम चार मैलांवर होती. तिथे त्यांनी लंडी खानाला कसे जायचे ते विचारले. ते रेल्वे स्टेशन १९३२ मध्येच बंद झाले होते! लोकांना संशय आला आणि तिघेही पकडले गेले.

ही गोष्ट वर्गात निघाली तेव्हा एक मित्र म्हणाला, "पकडले गेले, मग उपयोग काय?"

मला हे पटत नाही. पळणे हे एका रात्रीचे काम होते. त्याआधीचे आठ महिने बघा. मिळेल त्या हत्याराने थोडी थोडी भिंत पोखरायची, चुरा लपवायचा आणि सकाळी पहारेकऱ्यांसमोर काही घडलेच नाही असे वागायचे. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनवले. भत्त्याचे पैसे साठवले. जे सोबती मागे राहणार होते, त्यांनीही मदत केली. तिघे गेल्यावर राग आपल्यावरच निघणार, हे उघड होते. मला तर त्यांचे धाडस जास्त मोठे वाटते. (हॉस्टेलला आपण गमतीने तुरुंग म्हणतो. ते यापुढे जरा जपून म्हणावे!)

१९४९ च्या जिनिव्हा करारानेही पळण्याचा प्रयत्न गुन्हा मानलेला नाही. फसलेल्या कैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा होते, तीही ३० दिवसांहून जास्त नाही. म्हणजे कैदेतही सैनिक सैनिकच असतो, हे जगाला मान्य आहे. आपल्याला मात्र तो रणांगणावरच दिसतो.

पकडल्यावर त्यांना एकांतवास मिळाला, मग लायलपूरचा तुरुंग. १ डिसेंबर १९७२ रोजी सगळे वाघा ओलांडून परतले.

पारुळकर पुढे एनडीएमध्ये बटालियन कमांडर होते. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हाच्या कॅडेटनी त्यांना पळाल्या रात्रीबद्दल नक्की विचारले असेल. मला विचारायचे होते ते त्या वर्षीच्या मे महिन्याबद्दल. युद्ध संपून पाच महिने झाले होते, सुटकेची तारीख कोणी सांगत नव्हते आणि भिंत अजून उभीच होती.