पोरगं ढ नाही, त्याचा कान वाहतोय

मागच्या बाकावरचं पोरगं. हाक मारली तर लगेच ‘ओ’ देत नाही. शुद्धलेखनात निम्मे शब्द चुकवतं. नाक कायम वाहतं, तोंड उघडं असतं. गुरुजींचा निकाल तयार असतो: पोरगं ढ आहे. आणि ते पोरगं आपल्या वस्तीतलं, पालावरचं किंवा पाड्यावरचं असेल तर निकालाला शेपूट जोडलं जातं, ‘ह्यांच्या घरात शिक्षणाचं वातावरणच नसतं.’ त्याच्या कानात बॅटरी मारून मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

माझं म्हणणं साधं आहे. ज्यांना आपण मंद, आळशी, मख्ख म्हणतो त्यांतल्या अनेक मुलांचा प्रश्न डोक्याचा नाही, कानाचा आहे. आणि कानाचा प्रश्न हा घराचा, धुराचा, अन्नाचा, मजुरीचा प्रश्न आहे. म्हणजे आपल्या देशात तो जातीचाही प्रश्न आहे.

आधी आजार समजून घेऊ. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दी किंवा घशातला जंतुसंसर्ग सहज कानात पोचतो. नाकामागची अ‍ॅडिनॉइडची गाठ वाढली तर नळीचं तोंड दाबलं जातं. मग पोरगं तोंडाने श्वास घेतं, रात्री घोरतं. कानात पू साचतो, पडदा फुटतो, कान वाहू लागतो. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक वेळा पडदा भरून येतो. झाले नाहीत आणि सर्दी पुन्हा पुन्हा होत राहिली, तर भोक कायमचं राहतं आणि कान वर्षानुवर्षे वाहतो. काही मुलांत हाड कुरतडणारा, घाण वासाचा प्रकार होतो. तो चेहऱ्याच्या नसेपर्यंत, मेंदूपर्यंत पोचू शकतो.

आता विचारा, सर्दी पुन्हा पुन्हा कुणाला होते? एका खोलीत सात-आठ माणसं झोपतात, तिथे एकाचा खोकला सगळ्यांना लागतो. चुलीचा आणि बिडीचा धूर त्याच खोलीत. पोटाला पुरेसं नाही म्हणून अंगात प्रतिकारशक्ती नाही. आई उन्हातान्हात कामावर, तान्हं बाळ आडवं पडून बाटलीने दूध पितं. ही सगळी कानाच्या आजाराची मान्य झालेली कारणं आहेत. कोणत्या घरात ती एकत्र सापडतात, हे वाचकांना मी सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात कान वाहण्याच्या आजारावरून देशांचे आणि समूहांचे गट पाडले होते. प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं तर तातडीने लक्ष घालण्याजोगं संकट समजायचं. त्या सर्वांत वाईट गटात भारत होता आणि ऑस्ट्रेलियातले मूलनिवासी होते. त्याच ऑस्ट्रेलियात गोऱ्या मुलांमध्ये हा आजार फार कमी. देश एक, हवा एक, पण कान दोन प्रकारचे. जो समाज जमिनीवरून आणि माणुसकीतून हाकलला गेला, त्याची पोरं बहिरी होतात. हा नशिबाचा खेळ नाही.

कानाला भोक पडलेलं मूल ठार बहिरं नसतं. त्याला आवाज येतो, पण बारीक अक्षरं निसटतात, शब्दांची शेपटं निसटतात. मराठीत तर अर्थ शेपटातच असतो: घरात, घराला, घरून. पंख्याची घरघर, चाळीस पोरांचा गलका आणि वर मागचा बाक. बाबासाहेबांना शाळेत इतरांपासून वेगळं, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावं लागलं. आज कायद्याने तसं बसवता येत नाही. पण ज्याला ऐकू येत नाही तो आपोआप मागे सरकतो आणि त्याला कुणी पुढे बोलावत नाही.

कायदाही ह्या पोराला ओळखत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे श्रवणदोष असेल तरच ऐकू कमी येणारी व्यक्ती मानतात. कान वाहणाऱ्या मुलांचा दोष बहुधा त्याच्या आत राहतो. कागदावर ते धडधाकट आणि वर्गात बहिरं. दहावीला नापास झालं की ‘मेरिट’वाले टाळ्या पिटायला मोकळे.

गौतम धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळवलेलं कथील आणि लाख ओतायची शिक्षा सांगितली होती. आज कुणी कथील ओतत नाही. दुर्लक्ष केलं तरी पुरतं.

पण बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. आपल्याही घरात ‘दात येताहेत म्हणून कान वाहतो’, ‘मोठा झाला की थांबेल’ असं म्हणतात. कानात गरम तेल, लसणाचं तेल टाकतात. रस्त्यावरच्या कान कोरणाऱ्याकडे नेतात, नाहीतर अंगारा लावतात. वाहत्या कानात तेल टाकणं धोक्याचं आहे. कान कोरडा ठेवायचा, अंघोळीला किंवा विहिरीत पोहताना पाणी जाऊ द्यायचं नाही आणि डॉक्टरला दाखवायचं. दोन आठवड्यांहून जास्त कान वाहिला तर कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडेच न्यायचं.

न्यायचं म्हणजे काय, हेही माहीत आहे. तज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी. एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी, वर एसटीचं भाडं. म्हणूनच शासनाने वस्तीपर्यंत येणं हा उपकार नसून कर्तव्य आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा पथकाने यायचं, आणि तपासायच्या आजारांत कानाचा आजार नावानिशी आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया आहेत. पण तिथे पोचायला आधी कुणीतरी कान तपासावा लागतो. आणि ऊसतोड मजुराचं पोरगं? पथक गावच्या शाळेत येतं तेव्हा ते फडावरच्या कोपीत असतं.

म्हणून मागण्या नेमक्या करा. शाळा व्यवस्थापन समितीत विचारा: मागच्या तपासणीत किती मुलांचे कान आतून पाहिले, किती जणांना पुढे पाठवलं, किती जणांवर उपचार झाले? उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. पहिलीत प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झाली पाहिजे. पथक फडावर, वीटभट्टीवर आणि पालावर गेलं पाहिजे. ज्याचा कान वाहतो त्याला आज, आत्ता पहिल्या बाकावर बसवलं पाहिजे. त्याला निधी लागत नाही. जयंतीच्या वर्गणीतून डीजे लावण्याऐवजी एक दिवस कान-तपासणी शिबिर घ्या. तसाही त्या भिंतींसारख्या स्पीकरांनी पोरांचे उरलेसुरले कान जाताहेत.

‘शिका’ असं बाबासाहेबांनी सांगितलं. शिकायला आधी ऐकू यावं लागतं.

जयभीम.