श्रद्धा कमी पडली म्हणे!



आज एका शब्दावरून भांडायचं आहे. श्रद्धा. त्याच्यासोबत अंधश्रद्धा आणि मिथ्यात्व हे दोन शब्दही येतात, आणि या तिघांची वाटणी आपण फार सोयीची करून ठेवली आहे. मी करते ती श्रद्धा, गावातले लोक करतात ती अंधश्रद्धा, आणि आपल्यातली कुणी गिरडच्या दर्ग्यावर जाऊन आली की ते मिथ्यात्व.

गिरड आपल्या वर्धा जिल्ह्यातलंच, समुद्रपूर तालुक्यातलं. टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघंही तिथे नवस बोलतात, फेडतात. टेकडीवर जे गोल गोल दगड सापडतात, त्यांची कथा तुम्ही ऐकलीच असेल. माल घेऊन जाणाऱ्या दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तर त्यांची जायफळं, नारळ, सगळ्या मालाचे दगड झाले. मग त्यांनी पाय धरले. बाबांनी वाळल्या पानांचा माल करून दिला आणि दोघं कायमचे तिथेच सेवेला राहिले. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही ही कथा आहे, आणि तिथेच या दगडांना झिओलाइटच्या गाठी म्हटलं आहे. काळ्या खडकाच्या पोकळ्यांत खनिजं साठून अशा गाठी बनतात.

दर्ग्याला जाणाऱ्यांना मला काही शिकवायचं नाही. पण कथेतला हिशेब बघा. शंका घेतली तर दगड, शरण गेलात तर माल परत. हा हिशेब टेकडीवरच राहिला असता तर मी लिहायला बसले नसते. तो आपल्या घरात येऊन बसला आहे, देवघराशेजारीच.

आमच्या नात्यातल्या एका बाईच्या छातीत गाठ आली. घरच्यांनी आधी पाठ लावले, विधान केलं, रोज गंधोदक लावलं. दवाखान्यात नेलं तेव्हा पाच महिने उलटून गेले होते. पुढे केमो सुरू झाली, डोक्यावरचे केस गेले. भेटायला आलेल्या बायका तिच्यासमोर चहा पिता पिता काय म्हणाल्या? ‘पाठ तर केले, पण श्रद्धा कमी पडली असेल.’ ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मूल होत नाही त्या सुनेलाही हेच ऐकवतात. पुरुषांना मात्र हे वाक्य फारसं ऐकवलेलं मी पाहिलं नाही. त्याचा धंदा बुडाला तर बाजार वाईट असतो, आणि तिचं पोट पिकलं नाही तर तिची श्रद्धा कमी असते.

आता शास्त्राकडे वळू. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात, दुसऱ्याच सूत्रात श्रद्धान हा शब्द आहे, आणि ते श्रद्धान तत्त्वार्थांचं आहे. जीव, अजीव, आस्रव, बंध, संवर, निर्जरा, मोक्ष. या सात तत्त्वांत गाठ विरघळेल, मुलगा होईल, असं कुठे आहे? आणि ज्यांच्यापुढे आपण हात जोडतो ते वीतराग. ते प्रसन्न होत नाहीत, रुसतही नाहीत. मग कमी पडलेल्या श्रद्धेची शिक्षा कोण देतं? आपल्या धर्मात त्या जागी कुणी बसलेलंच नाही. वर मिळावा म्हणून रागद्वेषी देवांना पूजणं ही देवमूढता, असं समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितलं. लोकमूढता सांगताना तर वाळूचे आणि दगडांचे ढीग रचण्याचंही नाव घेतलं. पद्मावती मातेची ओटी भरावी की नाही हा तेरापंथ-वीसपंथाचा जुना वाद आहे, त्यात मी आज पडत नाही. मी मागण्याबद्दल बोलते आहे. वीतरागाकडे मागायचं, आणि मिळालं नाही की बाईला दोष द्यायचा.

‘मग सगळे धर्म सारखेच म्हण ना,’ असं कुणी म्हणेल. नाही म्हणत. सगळ्यांना सरसकट सारखं मानणं हे विनय मिथ्यात्व, हे मलाही माहीत आहे. रेवती राणीची गोष्ट आठवते ना? मायेने रचलेले ब्रह्मा, विष्णू, महेश बघायला गाव लोटलं, ती गेली नाही. शेवटी साक्षात पंचविसावे तीर्थंकर आले म्हणून सांगितलं, तरी गेली नाही. तीर्थंकर चोवीसच, हा पंचविसावा कुठून आला? आपलं चिन्ह, आपलं समवसरण समोर दिसत असतानाही तिने विचारलं. अमूढदृष्टी म्हणतात ती ही. आपल्याकडे मात्र व्हॉट्सॲपवर मंत्र आला, अकरा जणींना पाठवा म्हटलं, की अकराव्या मिनिटाला पोचलेला असतो.

सम्यक्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा आहे. उद्दायन राजाने मुनींच्या वेशातल्या देवाची ओकारी स्वतःच्या हाताने धुतली, ती याच अंगाची कथा. उपगूहन आहे, स्थितीकरण आहे, वात्सल्य आहे. आजारी बाईच्या खाटेशी बसून तिला टोचून बोलणारीत यातलं कोणतं अंग दिसलं? श्रद्धा मोजायचीच असेल तर टेप आधी तिला लावा.

आणि औषध घेणं म्हणजे श्रद्धा डळमळणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढंच सांगावं, की आहार, औषध, शास्त्र, अभय या चार दानांत औषध कशाला आलं? तिचंच कर्म, असं म्हणणाऱ्याही आहेत. असाता वेदनीयाचा उदय असेल, पण तो बघायला कुणाजवळ केवलज्ञान आहे? कर्माला निमित्त लागतं, तसं बरं होण्यालाही लागतं. डॉक्टर हे निमित्तच आहे.

संकटात पाठ करायचाच नाही का? करा की. णमोकार म्हणताना जीव शांत होतो, ऑपरेशनच्या टेबलावर जाणाऱ्या बाईला तो आधार आहे. पण आधी सोनोग्राफीचा नंबर लावा, रिपोर्ट येईपर्यंत पाठ करा. आणि भेटायला जाल तेव्हा तिच्यासाठी मऊ खिचडी घेऊन जा, सूर्यास्ताच्या आत.