यंत्र पवईचे, खार भाईंदरची



पीएच.डी. झालेल्या विद्वानांना दोन-तीन वर्षे पगारी संशोधन करता येते. त्याला पोस्टडॉक म्हणतात. सध्या चलती आहे ती सेन्सर आणि अल्गोरिदमची. सेन्सर म्हणजे मापणारे यंत्र, अल्गोरिदम म्हणजे त्या मापावरून निकाल काढणारी हिशेबाची रीत. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये अशा कामाच्या राष्ट्रीय अभियानाला ३,६६० कोटी रुपये मंजूर केले. देशात २५ केंद्रे निघाली, त्यातले एक पवईच्या आयआयटीत. राज्य सरकारनेही २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे ५०० कोटींचे धोरण आणले.

यात आपण कशाला बोलायचे? माप चुकले तर खिसा आपला कापला जातो म्हणून!

डहाणूच्या चिकूवाल्याला विचारा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात पावसाची आणि दमटपणाची भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर. केंद्र एका गावात, पाऊस दुसऱ्या गावात. बागेत फळांचा सडा पडला तरी कागदावर हवा कोरडी! आता ग्रामपंचायतीला एक पर्जन्यमापक बसवायचे ठरले आहे. यंत्रे वाढतील, पण ती बरोबर मापतात की नाही हे कोण तपासणार?

दुसरे उदाहरण आपल्या दाराशी आहे. जमिनीत खुपसायचा स्वस्त सेन्सर पाणी पाहत नाही. माती विजेचा भार किती धरते ते तो मापतो आणि हिशेबाने ओल सांगतो. मातीत मीठ असले की हा हिशेब बिघडतो. प्रयोगशाळेतल्या गोड्या मातीवर जुळवलेले यंत्र राई-मुर्ध्याच्या खारीत रोवले, तर ते ओल जास्त सांगेल आणि भात तहानेने जाईल. भाईंदरच्या मिठागरात राबणाऱ्याला खाऱ्या पाण्याचे माप कळते. बोमेच्या पंचवीस अंशांच्या आसपास मीठ धरू लागते हे तो जाणतो. पण त्याला विचारायला पवईहून कोण येणार?

दोष पोरांचा नाही. पोस्टडॉकची मुदत दोन वर्षांची, त्यात भाताचे हंगाम दोनच. पहिला यंत्र जुळवण्यात जातो, दुसरा निबंध लिहिण्यात. पुढची नोकरी निबंध मोजून मिळते, शेत पाहून नाही. विद्वान परदेशी जातो, यंत्र कपाटात जाते, शेतकरी आहे तिथेच.

कोणी म्हणेल, शेतकरी विज्ञानाच्या आड येतो. साफ खोटे! यंत्र आम्हाला हवेच आहे. तराजू नको असे कोण म्हणतो? खोटा काटा नको, एवढेच म्हणणे आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचा ठराव व्हावा.

एक, शेतीच्या सेन्सरवर काम करणाऱ्या पोस्टडॉकला किमान तीन हंगामांची मुदत द्या. त्यातला एक हंगाम खारजमिनीत काढणे सक्तीचे करा. पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे, खारीत तगणारे भाताचे वाण तिथूनच आले. पवईने त्याच्याशी हात मिळवावा.

दोन, ज्या हिशेबावर विम्याचा पैसा ठरतो, तो मराठीत छापून चावडीवर लावा.

तीन, आमच्या शेतात घेतलेल्या मापाची मालकी आमची. आमच्या परवानगीशिवाय ते कोणत्याही कंपनीला देऊ नका.

काटा कोणीही बनवो, तो तपासण्याचा हक्क माल घालणाऱ्याचा!