‘चालतंय की!’ म्हणणाऱ्यांसाठी: विंडोज १०, तुमचं दुकान आणि तुमचा पोरगा



सध्या माझ्या साताऱ्याच्या दुकानात काउंटरवर दोनच प्रश्न येतात. पहिला दुकानदारांचा: “सर, विंडोज १० बंद झालं म्हणे. आता नवीन कॉम्प्युटर घ्यावा लागतो का?” दुसरा आई-वडिलांचा, कारण ॲडमिशनचे दिवस आलेत: “पोराला कॉम्प्युटरला टाकू का? आयटीतल्या नोकऱ्या चालल्यात म्हणतात.” बरीच वर्षं मी या दोन प्रश्नांना वेगवेगळी उत्तरं देत होतो. आता मला वाटतं, दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं.

आधी एक गोष्ट उघड करतो. मी कॉम्प्युटर विकतो. तुम्ही नवीन घेतला तर मला चार पैसे सुटतात. मी इंजिनिअर नाही, बीबीए केलंय. त्यात एक गोष्ट पक्की शिकलो, की सल्ला देणाऱ्याचा फायदा कशात आहे ते आधी बघायचं. तेव्हा माझंही बोलणं तपासूनच घ्या.

नेमकं बंद काय झालं?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट थांबवला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला नाही. सकाळी बटण दाबलं की तो चालू होतोच. फक्त नवीन चोरवाटा सापडल्या की त्या बुजवणारे मोफत अपडेट यायचे ते थांबले. दुकानाचं शटर तेच, कुलूप तेच, पण रात्रीचा गुरखा यायचा बंद झाला, एवढं समजा.

मग “चालतंय की!” म्हणून तसंच वापरायचं का? आपल्या सातारा-सांगलीत हा शब्द फार गोड आहे, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत महाग पडतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. फायली कुलूपबंद करून पैसे मागायचा. त्याला अडवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी “स्लो होतंय” म्हणून अपडेट बंद करून ठेवले होते, ते दोन महिन्यांनी अडकले. म्हणून १४ ऑक्टोबरची तारीख खोटी भीती नाही. पण “आजच नवीन घ्या, नाहीतर संपलं” हेही खरं नाही. ते कसं, ते मी एका चुकीतून शिकलो. चूक माझीच होती.

अण्णांची उधारी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हा मी शनिवार-रविवार सांगलीत बॅच घ्यायचो आणि तिथल्या काही व्यापाऱ्यांची मशीनही सांभाळायचो. त्यातले एक भुसार मालाचे व्यापारी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचा कॉम्प्युटर जेमतेम वर्षाचा होता. विंडोज १०, सगळे अपडेट, टॅली, अँटिव्हायरस, सगळं मी स्वतः टाकलेलं. बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क दिली होती. दर शनिवारी बॅकअप घ्यायची सवयही लावली होती. फक्त ती डिस्क कुठं ठेवायची, हे सांगायचं राहिलं. ती कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खालच्या खणात होती.

पाणी दोन्हीवरून गेलं.

ओसरल्यावर मी गेलो तर अण्णा चिखल काढलेल्या दुकानात खुर्ची टाकून बसले होते. हातात नवी कोरी वही. आठवेल तशी उधारी लिहीत होते. काही गिऱ्हाइकं आपणहून आली, “अण्णा, माझ्याकडं एवढं निघतंय, लिहून घ्या.” काही आलीच नाहीत. दोन महिन्यांत नवीन कॉम्प्युटर आला, पण तो हिशेब पूर्ण कधीच जुळला नाही. अण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. विंडोज कितवं, प्रोसेसर कुठला, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की हे मशीन आत्ता या क्षणी गेलं तर तुमचं काय काय जाईल? मशीन बाजारात मिळतं. उधारीची यादी बाजारात मिळत नाही.

मग घ्यायचा की ठेवायचा?

तुमच्याकडची मशीन तीन ढिगांत वाटा.

पहिला ढीग पैशाच्या मशीनचा. ज्यावर टॅली, जीएसटी आणि नेट बँकिंग चालतं ते मशीन. टॅली प्राइम विंडोजवरच चालतं, त्यामुळे इथं विंडोज हवंच. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं मोफत ॲप आहे, ते टाकून बघा. मशीन विंडोज ११ ला चालत असेल तर अपग्रेड फुकट आहे, पूर्ण बॅकअप घेऊन करून टाका. चालत नसेल (साधारण इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीची मशीन चालत नाहीत, टीपीएम २.० ही चिपही लागते) तरी घाबरू नका. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती फुकट मिळते. नाहीतर ३० डॉलर. मोठ्या ऑफिसात सर्व्हरच्या डोमेनला जोडलेली मशीन यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी योजना आहे, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढं दरवर्षी दुप्पट.

ही मुदत झोपा काढायला नाही, पैसे बाजूला टाकायला वापरा. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवलीय, की २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढलेत. घेतलात तर पक्क्या बिलानं, दुकानाच्या जीएसटी नंबरवर घ्या. १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळू शकतं, आणि आयकरात कॉम्प्युटरला ४० टक्के घसारा आहे. तुमच्या बाबतीत ते कसं लागू होतं, हे तुमच्या कर सल्लागाराला विचारा.

दुसरा ढीग एकाच कामाच्या मशीनचा. दूध संकलन केंद्रावर फॅट मशीन आणि वजनकाटा जोडलेला जुना कॉम्प्युटर असतो ना, तसा. त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच याची खात्री नसते. अशा मशीनचं इंटरनेट काढा आणि त्याच्यावर दुसरं काहीही करू नका, यूट्यूबसुद्धा नाही. माहिती रोज बाहेर काढून ठेवा. ते अजून चालेल.

तिसरा ढीग घरच्या मशीनचा, पोरांच्या अभ्यासाचा. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा, रॅम ८ जीबी करा आणि लिनक्स मिंट टाका. मोफत आहे आणि अधिकृत आहे. ब्राउझर, लिबर ऑफिस, युनिकोड मराठी टायपिंग, सगळं चालतं. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं मुलं लिनक्सवरच शिकताहेत, आपल्या पोरांना का जमू नये? अडचण एकच. तुमची जुनी पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटात असतील तर ती आधी युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर उघडल्यावर नुसती अक्षरांची खिचडी दिसेल.

आणि एक विनंती. “सर, क्रॅक मारून विंडोज ११ टाका, वर पाचशे घ्या” असं मला म्हणू नका. जुन्या मशीनला जुगाड करून विंडोज ११ बसतं, हे मलाही माहीत आहे. पण तिथं पुढचे अपडेट येतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि क्रॅकच्या फायलीत काय दडलंय त्याची हमी मी देऊ शकत नाही. ज्या मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता, तिथं जुगाड नको.

आता दुसरा प्रश्न: पोराला कॉम्प्युटरला टाकू का?

जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं जाहीर केलं की वर्षभरात सुमारे १२,००० माणसं कमी करणार, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या साधारण २ टक्के, त्यात मधल्या आणि वरच्या पदांवरची जास्त. ही बातमी आली तेव्हापासून पालकांचा सूरच बदलला. कालपर्यंत “हिंजवडीत लागला की झालं” म्हणणारे आता “कॉम्प्युटर नको बाबा” म्हणतात. मला दोन्ही टोकं चुकीची वाटतात. त्याच कंपनीत आजही काही लाख माणसं काम करताहेत. सांगलीच्या वालचंद कॉलेजात १९४७ पासून इंजिनिअर घडताहेत. ज्याला तिथं जागा मिळते आणि आवड आहे त्यानं जरूर जावं.

पण माझा प्रश्न बाकीच्या पोरांबद्दल आहे. वर मी तीन ढीग सांगितले. ते वाटून देणार कोण? कुठल्या मशीनचं इंटरनेट काढायचं, बॅकअप कुठल्या इमारतीत ठेवायचा, तो परत उघडतो का हे कोण बघणार? कराडच्या दवाखान्यापासून तासगावच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्यापर्यंत प्रत्येकाला हा माणूस लागतो. आज त्याच्या जागी काय आहे? फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी येऊन “फॉरमॅट मारतो” म्हणणारा कोणीतरी. फॉरमॅट मारणारे पुष्कळ आहेत, जबाबदारी घेणारे फार थोडे.

हिशेब मांडून बघा. चाळीस दुकानं, महिन्याला प्रत्येकी पाचशे रुपये, दर महिन्याला एक ठरलेली फेरी. वीस हजार झाले. गाव सोडायचं नाही, खोलीभाडं नाही. कमी बाजूही सांगतो, लपवत नाही. पहिल्या वर्षी चाळीस सोडा, दहा दुकानं मिळवताना दमछाक होते. पीएफ नाही. पैसे थकतात. आणि लग्न ठरवताना “मुलगा पुण्यात कंपनीत आहे” या वाक्याला जे वजन आहे, ते “मुलगा दुकानांची मशीन सांभाळतो” याला नाही. मी स्वतः त्यातून गेलोय.

पण आपल्याच भागातला एक दाखला बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि लोकांना चालवायलाही शिकवायचं. पुढं लोखंडी नांगर आला, आणि १९१० मध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी उभं राहिलं. प्रत्येकाचा किर्लोस्कर होत नाही, हे मलाही कळतं. पण विकणं, दुरुस्त करणं आणि शिकवणं हे कमी प्रतीचं काम आहे, असं कोणी म्हटलं की मला ते दुकान आठवतं.

पाऊस यायच्या आधी एवढं करा

हिशेबाच्या तीन प्रती ठेवा. एक मशीनमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुकानाबाहेर, घरी वरच्या मजल्यावर किंवा क्लाउडवर. डिस्क कॉम्प्युटरच्या खणात ठेवू नका. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हेच.

आणि हे काम तुमच्या पोराला किंवा पोरीला द्या. मला विचारू नका, कॉम्प्युटरला टाकू का. तीन महिने बघा. दर शनिवारी न सांगता बॅकअप घेतला, डिस्क आठवणीनं घरी आणली आणि “पप्पा, हे बघा, उघडतंय” म्हणून दाखवलं, तर बिनधास्त टाका. मग ते लेकरू हिंजवडीत जावो नाहीतर विट्यात दुकान टाको, उपाशी राहणार नाही. आणि दर शनिवारी तुम्हालाच आठवण करावी लागली, तर त्याला दुसरं काहीतरी आवडतंय. ते काय, हे त्याच्याशी शांतपणे बोला.

अण्णांच्या दुकानात आता शनिवारचा बॅकअप त्यांची नात घेते. डिस्क तिच्या दप्तरात असते आणि दप्तर तिसऱ्या मजल्यावर. परवा मी गेलो तर तिनंच मला विचारलं, “काका, तुमच्या दुकानाचा बॅकअप कुठं असतो?”

खरं सांगू? त्या दिवशी तो माझ्याच टेबलाच्या खणात होता. संध्याकाळी घरी नेला. तुम्हीही आजच न्या.