मोगरा कुणाचा?

एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांच्या यजमानांनी सेंटची बाटली आणली. खोक्यावर मोगऱ्याच्या कळ्यांचं चित्र आणि खाली इंग्रजी मजकूर. हा सुगंध म्हणे नाजूक, स्वप्नाळू, तरुण स्त्रीसाठी आहे. भगिनी लिहितात, "मी बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई. सकाळी सहापासून डबे भरते. मी नाजूकही नाही आणि स्वप्नाळूही नाही. हा सेंट मला शोभेल का, की जावेच्या मुलीला देऊन टाकू?"

भगिनी, मुळीच देऊ नका! आधी मोगऱ्याची थोडी माहिती ऐका, मग ठरवा.

गुलाब आवडणारी प्रेमळ, मोगरा आवडणारी नाजूक, केवडा आवडणारी मानी, चाफा आवडणारी अबोल, असं आपण गमतीनं म्हणतो. म्हणायला हरकत नाही. पण खोक्यावरची विशेषणं विक्रीसाठी छापलेली असतात. ती काही आपली जन्मपत्रिका नव्हे. पॅरिसमध्ये १९२१ साली कोको शनेल या बाईंनी अर्नेस्ट बो नावाच्या जाणकाराकडून एक सेंट बनवून घेतला. त्यात फ्रान्समधल्या ग्रास गावची जाई आहे, गुलाब आहे, शिवाय प्रयोगशाळेत तयार केलेली द्रव्यंही आहेत. एवढी फुलं असून बाईंनी बाटलीला ना फुलाचं नाव दिलं, ना स्वभावाचं. नुसता आकडा दिला, नंबर पाच. पुढे जाहिरातींनी त्यालाही नट्यांचे चेहरे चिकटवले, ती गोष्ट वेगळी.

आता आपला मोगरा. हा खरंच नाजूक आहे का? त्याच्या कळ्या मिटलेल्या असतानाच खुडतात. तिन्हीसांजेला त्या आपोआप उमलतात आणि झाडापासून तुटल्यावरही रात्रभर दरवळतात. या वासात इन्डोल नावाचं एक द्रव्य असतं. ते एकटंच जास्त प्रमाणात हुंगलं तर नाक मुरडावं लागेल. पण फुलात ते इवलंसं असतं आणि त्यामुळेच मोगऱ्याला तो भारलेला, खोल वास येतो. म्हणजे ज्याला आपण साधंभोळं फूल समजतो ते आतून चांगलंच खमकं आहे. सहाला उठून डबे भरणाऱ्या बाईला ते का शोभू नये?

उत्तर प्रदेशातलं कनौज गाव अत्तरासाठी प्रसिद्ध आहे. तिथे अजूनही जुन्या पद्धतीनं अत्तर काढतात. तांब्याच्या मोठ्या देगीत फुलं आणि पाणी घालून झाकण मातीनं लिंपतात आणि खाली मंद आच ठेवतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरते. ते भांडं गार पाण्यात ठेवलेलं असतं आणि त्यात चंदनाचं तेल असतं. फुलांचा वास त्या तेलात मुरतो. पुन्हा ताजी फुलं घालून तेच तेल अधिक सुगंधी करत नेतात. चंदन फार महागल्यामुळे हल्ली पुष्कळ अत्तरांत दुसरं तेल वापरतात, म्हणून घेताना दुकानदाराला जरूर विचारावं.

आता थोडं कामाचं.

सेंट खोका वाचून घेऊ नये, मनगटावर लावून बघावा. पहिली काही मिनिटं त्यातलं अल्कोहोल आणि हलके वासच जाणवतात. अर्ध्या तासानं जो वास उरेल तो आपल्याला दिवसभर सोबत करणार. एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त वास घेऊ नयेत, नाक थकतं.

लावलेला वास थोड्या वेळानं आपला आपल्याला येईनासा होतो. इतरांना मात्र येत असतो, म्हणून पुन्हापुन्हा लावू नये. अत्तराचा तर एक थेंब पुरे.

रेशमी साडीवर सेंट किंवा अत्तर थेट लावू नये, डाग पडतात. मोत्यांचे दागिनेही सेंट लावून तो सुकल्यावरच घालावेत. कातडी नाजूक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहावी. घरात कुणाला दमा असेल किंवा वासानं डोकं दुखत असेल तर बेतानंच. बाटली खिडकीत किंवा न्हाणीघरात न ठेवता तिच्या खोक्यात, कपाटात ठेवावी.

पण भगिनी, तुमच्या पत्रातल्या "मला शोभेल का" या शब्दांनी मला आमच्या वन्संची आठवण झाली.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. बोलण्यात फटकळ आणि हिशेबाला पक्क्या. मोगऱ्याचं अत्तर ही त्यांची खूण होती. त्या जिना चढू लागल्या की मुलं आतून ओरडायची, "आत्या आली!" यजमान गेले आणि वन्संनी ती बाटली कपाटात ठेवून दिली. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नको असंही म्हटलं नाही. माझ्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या यायच्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरायच्या. "मी चहाचं बघते, तू बाहेरचं बघ." मी बाहेरचं बघत राहिले. बायकांच्या हातांना अत्तर लावत, गुलाबपाणी शिंपडत दिवाणखान्यात फिरले आणि अत्तरदाणी कधी आत नेली नाही. चार संक्रांती अशा गेल्या. लिहिताना आज लाज वाटते.

पाचव्या वर्षी मात्र मी अत्तरदाणी घेऊन आत गेले. म्हटलं, "वन्सं, हात पुढे करा."

"अगं, मला कशाला?"

"कुंकवाचं तुमच्या मनावर. पण अत्तरानं काय घोडं मारलंय?"

त्यांनी पदराला हात पुसला आणि पुढे केला. काही बोलल्या नाहीत. चहा उतू जाईपर्यंत हात नाकाशी धरून उभ्या होत्या. चहा मीच उतरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "कालचं अत्तर कुठून आणलंस गं? मोगऱ्याचं म्हणून कुणीतरी गळ्यात मारलंय तुझ्या. पुढच्या वेळी मला विचारत जा."

तेव्हापासून आमच्याकडे अत्तर वन्सं आणतात आणि हळदीकुंकवाला दिवाणखान्यात ते लावतातही त्याच.

तेव्हा भगिनी, आज संध्याकाळी डबे घासून झाले की तुमची बाटली उघडा. आणि तुमच्या घरी हळदीकुंकू असेल तेव्हा स्वयंपाकघरात कोण उभं आहे, तेही एकदा बघा.