फुकटचा तांदूळ आणि विकतची नाचणी

थंडी पडू लागली की डिंकाचे लाडू, बदाम-अक्रोड, गाजर हलवा यांच्या पाककृती सगळीकडे दिसू लागतात. ते सगळे चांगलेच. पण पाच माणसांच्या घरात रोज रात्री काय रांधायचे, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात, वरंध घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या शिवथर खोऱ्यात, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी शेतातूनच येई. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, सोबत लसणीची चटणी किंवा सुकी मासळी. पोटभर, कमी खर्चाचे आणि चुलीपुढे बसून गरम गरम खायचे जेवण. यातली नाचणी आता त्याच खोऱ्यात विकत आणायची वस्तू होत चालली आहे.

आधी उबेबद्दल. ‘कुळीथ उष्ण, नाचणी थंड’ असे घरोघरी म्हणतात; म्हणूनच नाचणीची आंबील उन्हाळ्यात पितात. ही उष्ण-थंडाची विभागणी अनुभवातून आलेली आहे, थर्मामीटरने मोजलेली नाही. शरीर अन्न पचवताना जी उष्णता निर्माण करते ती मात्र मोजता येते. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण २० ते ३० टक्के ऊर्जा त्यांच्या पचनातच खर्च होते. पिष्टमय पदार्थांत हे प्रमाण ५ ते १० टक्के, तर स्निग्ध पदार्थांत त्याहूनही कमी असते. कुळथात सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. म्हणजे कुळीथ उष्ण म्हणणारी आजी अगदीच चुकीची नव्हती. मात्र वाफाळत्या पिठीने पहिल्या घोटाला जी ऊब वाटते, ती मुख्यतः पिठी गरम असल्याची.

पिठीचे खरे मोल वेगळेच आहे. तांदळात आणि इतर तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, कडधान्यांत ते भरपूर असते. भातावर पिठी ओढली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. शिवाय इंधन वाचते. कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून गिरणीतून पीठ करून ठेवले की ऐन वेळी दहा मिनिटांचे काम उरते. लसूण, मोहरी, हिंग आणि सुक्या मिरचीची फोडणी करून पाणी ओतायचे, दोन आमसुले आणि मीठ टाकायचे. गार पाण्यात कालवलेले पीठ त्यात सोडून ढवळत राहायचे. भाताबरोबर पातळ, भाकरीबरोबर घट्ट. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांची वाढ झाल्यावर घरगुती सिलिंडर मुंबईत साडेआठशे रुपयांच्या वर गेला. अशा वेळी तासभर शिजणारी उसळ आणि दहा मिनिटांची पिठी यांतला फरक घरातल्या बाईला कोणी समजावून सांगायला नको.

कुळीथ अजून टिकून आहे, कारण भात निघाल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल-पावट्यासारखाच तोही येतो. नाचणीचे तसे नाही. ती डोंगरउताराच्या वरकस जमिनीवरची. राब भाजणे, रोपे लावणे, बेणणी, मग कणसे कापून झोडणे, सारी हाताची कामे. गावातले हात मुंबई-पुण्याला गेले. उरलेल्या पिकावर रानडुकरे आणि माकडे टपलेली. त्यात रेशनचा तांदूळ आला.

त्या तांदळाला नावे ठेवण्याचा इथे हेतू नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. १ जानेवारी २०२४ पासून या योजनेला आणखी पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. त्यामुळे अनेक घरांतली चूल पेटती राहिली. पण हिशेब पाहा. २०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे, म्हणजे किलोला जवळपास ४९ रुपये. दुकानात ती याहून महागच पडणार. एकीकडे शून्य रुपये किलोचा तांदूळ आणि दुसरीकडे ही नाचणी. ‘भरडधान्ये खा’ असा सल्ला देणाऱ्याने ही दरी आधी मोजावी.

मुळात अन्न सुरक्षा कायद्याने ही दरी पडू दिलेली नव्हती. २०१३ च्या कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो, असे तीन दर होते. सर्वांत स्वस्त भरडधान्यच होते! कर्नाटकाने हमीभावाने नाचणी खरेदी करून दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर दिली. ओडिशाने २०१७ पासूनच्या भरडधान्य अभियानातून ती आदिवासी पट्ट्यात रेशनवर आणली आणि अंगणवाडीत नाचणीचे लाडू दिले. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून आपणही गाजवले. पण जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहाराचे नवे आदेश निघाले, तेव्हा नाचणी सत्त्व ऐच्छिक झाले आणि साखर व अंडी यांचा खर्च शाळांनी लोकसहभागातून भागवावा असे ठरले. डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेने हा लोकसहभाग कोणाकडे मागायचा?

हा प्रश्न चवीपुरता नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर पांढऱ्या तांदळात १० मिलिग्रॅमच्याही आत. लोहही तांदळापेक्षा बरेच जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, पाचव्या फेरीत हे प्रमाण ५४.२ टक्के झाले. पाच वर्षांखालील मुलांमध्ये ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. रक्तक्षयाला जंतांपासून पाळीच्या तक्रारींपर्यंत अनेक कारणे असतात. केवळ नाचणी गेली म्हणून हे झाले, असे कोणी म्हणू नये. पण दोन वेळच्या जेवणात भात आणि पातळ आमटी एवढेच उरले, तर हे आकडे खाली यायचे कसे?

तोवर घरात काय करता येईल? फुकटचा तांदूळ नाकारायचा नाही, त्याला सोबत द्यायची. रेशनच्या तांदळात थोडे वेगळे दिसणारे दाणे मिसळलेले आढळले, तर ते ‘प्लास्टिकचे’ म्हणून वेचून टाकले जातात. ते लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून बनवलेले दाणे आहेत, ते राहू द्यावेत. भात वेळून त्याचे पाणी ओतून देऊ नये; मीठ घालून पेज म्हणून ते प्यावे. आठवड्यातून दोन-तीन रात्री तरी नाचणीची भाकरी करावी. मुलांसाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळावी. मोड आल्याने लोह अडवून धरणारे घटक कमी होतात. भिजवून वाटून गाळलेले सत्त्व दिसायला पांढरेशुभ्र आणि पचायला हलके असते, पण चोथ्याबरोबर बरेचसे कॅल्शियम निघून जाते.

आमसुलाने पिठीला चव येते, पण लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व हवे. त्यासाठी ताटात लिंबाची फोड किंवा याच दिवसांत मिळणारा आवळा ठेवावा. आणि थंडीत जेवल्या जेवल्या चहाचे आधण ठेवायची जी सवय असते, ती तासभर पुढे ढकलावी. चहातली टॅनिने जेवणातले लोह शरीरात शोषू देत नाहीत.