घरकुल मिळाले, वस्तीचे काय?

'सरकारने घरकुल दिले, आता आणखी काय पाहिजे?' असे विचारणारे फक्त सरकारी कार्यालयांत नाहीत, आपल्या चळवळीतही आहेत. त्यांनी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या कौन्सिल वसाहतींचा इतिहास जरूर वाचावा.

तिथली सरकारी घरे कुणाच्या दयेतून आलेली नाहीत. 1915 साली महायुद्ध चालू असताना घरमालकांनी भाडी वाढवली. तेव्हा गोव्हन भागात मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने कामगार स्त्रियांनी वाढीव भाडे नाकारले आणि घर खाली करायला आलेल्यांना हुसकावून लावले. त्याच वर्षी सरकारला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. पुढे 1924 मध्ये सरकारी घरबांधणीला अनुदान देणारा कायदा आणला तो जॉन व्हीटली यांनी. ते तरुणपणी खाणीत राबलेले आणि ग्लासगोतूनच निवडून आलेले मंत्री होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोंदट चाळींतली हजारो कुटुंबे शहराच्या कडेला ड्रमचॅपल, ईस्टरहाउस, कॅसलमिल्क येथे हलवली गेली. घरातच संडास, न्हाणीघर, गरम पाणी मिळाले. ही फार मोठी गोष्ट होती, ती आम्ही कमी लेखत नाही. पण दुकाने, सभागृहे, तरुणांना बसा-उठायच्या जागा वेळेवर आल्याच नाहीत. ईस्टरहाउसची उभारणी 1950 च्या दशकात सुरू झाली, बाजार संकुल मात्र 1970 च्या दशकात आले. मधल्या काळात तरुणांच्या टोळ्या झाल्या, तेव्हा बदनामी वस्तीची झाली. आराखडा करणाऱ्यांना कुणी जाब विचारला नाही.

मुंबई विद्यापीठात 1919 मध्ये समाजशास्त्र विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकारच होते. आधी लोकांच्या जगण्याची पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. त्यांच्याच देशाने तो पाळला नाही.

नंतर 1980 च्या कायद्याने भाडेकरूंना घरे स्वस्तात विकत घेण्याचा हक्क दिला. चांगली घरे आधी गेली आणि गरिबांसाठीचा सार्वजनिक साठा आटत गेला. स्कॉटलंडने हा हक्क 2016 मध्ये बंद केला, तोवर लाखो घरे हातची गेली होती.

तिथला भाडेकरू वर्गामुळे कडेला गेला, आपली वस्ती जातीमुळे गावाबाहेर आहे. म्हणून आपला लढा अधिक खोल आहे. बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये नुसती घरे मागितली नाहीत. त्यांनी स्वतंत्र वसाहती, त्यासाठी सरकारी पडीक जमीन आणि वसाहत आयोग मागितला. म्हणजे छपरासोबत जमीन आणि स्वाभिमान मागितला.

तेव्हा तरुणांनो, रमाई आवासच्या यादीत नाव लागले की थांबू नका. वस्तीत नळ किती, गटार कुठे संपते, एसटी किती लांब थांबते, अभ्यासिका आहे का, याची पाहणी स्वतः करा. ती लेखी घेऊन ग्रामसभेत उभे राहा आणि ठरावात नोंद झाल्याशिवाय खाली बसू नका.

जय भीम!